ऋतू सुंदर आहेत, पण कोणासाठी?



आपल्या मूर्तिजापूरच्या आजूबाजूची जमीन वर्षभरात किती रूपे घेते, हे आपण सगळेच पाहतो. फाल्गुनात पळस पेटतो. वैशाखात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्याच उन्हात बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो. मृगाचा पाऊस पडला की मातीतून लाल मखमली किडे निघतात आणि मुले त्यांच्यामागे धावतात. पुढे पऱ्हाटीला फूल येते. पहिल्या दिवशी ते फिकट पिवळे, दुसऱ्या दिवशी गुलाबी. आणि कार्तिकात तेच शेत पांढरेशुभ्र होते.

या सगळ्याचे कौतुक करताना एक प्रश्न मात्र मनात उभा राहतो. आपला हा पट्टा खारपाणाचा. जमिनीखालचे पाणी खारट, म्हणून बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस विदर्भात अवकाळी पाऊस झाला, तेव्हा अनेक ठिकाणी सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले आणि वेचणीला आलेला कापूस भिजला. ज्याचे वर्षभराचे कष्ट त्या पाण्यात गेले, त्याच्यासमोर ‘आभाळ किती छान भरून आले’ असे म्हणावे काय? ऋतूंचे सौंदर्य हा पोट भरलेल्यांचा शौक तर नव्हे?

जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७९० साली असा विचार मांडला की, सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो. वस्तू आपल्या उपयोगाची आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. मग शेतकऱ्याला आपल्या पिकाचे सौंदर्य दिसणारच नाही, असे वाटेल, कारण त्याची गरज त्यात अडकलेली असते. वऱ्हाडाचा अनुभव मात्र वेगळा आहे. वेचणी सुरू करताना आपले शेतकरी शेजारी सीतादही करतात. शेतात पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य ठेवला जातो. कापूस घरी आलेला नसतो, भाव कळलेला नसतो, कर्ज फिटलेले नसते. तरी आधी हात जोडले जातात. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी सुमारे १२२५ साली सृष्टीचे स्तोत्र रचले, तेव्हा ते आजारी होते व त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यात त्यांनी वारा, ढग, निरभ्र आकाश, अशा प्रत्येक हवामानासाठी देवाची स्तुती केली. म्हणजे सौंदर्य दिसायला आधी सुखवस्तू व्हावे लागत नाही.

तरीही पहिला प्रश्न पूर्ण सुटत नाही. नासाडी करणारा पाऊसही सुंदरच माना, असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाला सुंदर म्हणणे हा खोटेपणा आहे. इथे तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस आपल्या मदतीला येतात. सौंदर्याला तीन गोष्टी लागतात, असे ते शिकवतात : पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. पूर्णता पहिली. ज्यात काही उणे राहिले, ते तेवढ्यानेच कुरूप होते.

आता कार्तिकातले ते पांढरे शेत पुन्हा पाहू. कमरेला ओटी बांधून वाकलेली बाई त्यात आहे. बोंडाची वाळलेली टोके तिच्या बोटांना टोचतात आणि तिची मजुरी किलोवर ठरते. तिला वगळून पाहिले, तर आपण शेत अर्धेच पाहिले, म्हणजे त्याचे सौंदर्यही अर्धेच पाहिले. जो ऋतूकडे नीट पाहतो, त्याला ऋतूवर जगणारा माणूस दिसल्याशिवाय राहत नाही. आणि माणूस दिसला की त्याच्याविषयीचे आपले कर्तव्यही दिसू लागते.

म्हणून या दिवसांत आपण शेतांकडे अवश्य पाहावे, मुलांनाही दाखवावे, आणि निर्मात्याचे आभार मानावे. त्याचबरोबर ज्यांच्या शेतात वेचणी सुरू आहे, त्यांनी वेचणाऱ्यांची मजुरी वेळेवर व पुरती द्यावी. ज्यांचे पीक गेले, त्यांच्या घरी इतरांनी जाऊन बसावे. तिथे ढगांविषयी काही बोलू नये, त्यांचे ऐकावे.

प्रभू आपल्या सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू