रथ म्हणायचे कशाला?

जुनी गाडी विकायला काढली की चंद्रपुरात काय किंवा देसाईगंजात काय, गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, यातलं ओरिजनल काय काय हाय?" इंजिन खोललं होतं का, बोअर केलं का, टाकी कुठली, मडगार्ड कुठलं. विचारणाऱ्याला भाव पाडायचा असतो. पण त्याच्या तोंडून तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न बाहेर पडत असतो. एखादी वस्तू सुटी केली, निम्मे भाग बदलले आणि पुन्हा उभी केली, तर ती तीच राहते का? राहत नसेल, तर नेमक्या कोणत्या बोल्टाशी ती दुसरी झाली?

हा प्रश्न तपासायला गो-कार्टइतकी सोयीची वस्तू सापडणे कठीण. पाइपचा सांगाडा, चार लहान चाके, एक इंजिन, चेन, ब्रेक आणि सीट, एवढाच तिचा संसार. सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही. मागचा अ‍ॅक्सल एकसंध असल्यामुळे वळणावर आतल्या बाजूचे मागचे चाक किंचित उचलले जावे लागते आणि ते काम सांगाड्याचा लवचीकपणा करतो. काहीच झाकलेले नसते. प्रत्येक भाग डोळ्यांपुढे असतो आणि प्रत्येक भाग बदलता येतो. एका स्कूटरचे इंजिन, दुसऱ्या मोटारसायकलची चेन, तिसरीकडची डिस्क, असे जमवत पडीक कार्ट पुन्हा धावती करता येते. विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली पोरे स्पर्धेसाठी कार्ट बांधतात तेव्हा इंजिन बहुधा दुचाकीचेच असते.

मुळात कार्टचा जन्मच उरल्यासुरल्यातून झाला. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या रेसगाड्या बांधणाऱ्या कारागिराने लू बोरेलीच्या मदतीने पाइप वाकवून सांगाडा केला आणि गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेले, शिल्लक पडलेले टू-स्ट्रोक इंजिन त्यावर बसवले. जगातली पहिली कार्ट ती हीच. म्हणजे ज्या 'ओरिजनल'चा आपण शोध घेतो, तीच उसन्या अवयवांची होती.

महाराष्ट्राला अशा गाडीची ओळख २०२१च्या डिसेंबरात झाली. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलासाठी भंगारातले भाग जमवून एक छोटी जीप बांधली होती. खर्च सुमारे ६० हजार रुपये आणि गाडी सुरू व्हायची दुचाकीसारखी किक मारून. तिची चित्रफीत पाहून आनंद महिंद्रा यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि २०२२च्या जानेवारीत ती लोहारांच्या हाती आली. ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही, हेही महिंद्रांनीच सांगितले होते. ते खरेच आहे. कायद्याच्या लेखी गाडीची ओळख चासी नंबरात असते. इंजिन बदलले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार परवानगी घ्यायची, तशी नोंद करायची, आणि एमएच ३४ची गाडी एमएच ३४चीच राहते. आरटीओपुरता प्रश्न मिटतो. पण ज्या गाडीला चासी नंबरच नाही तिचे काय?

या प्रश्नावरचा सगळ्यात रंगलेला संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटतो. नागसेन म्हणतो, नागसेन हे नुसते हाक मारण्यापुरते नाव. त्यामागे कोणी कायमचा पुरुष नाही. राजाला ते पटत नाही. तेव्हा नागसेन विचारतो, महाराज, आपण पायी आलात की रथातून? रथातून आलात तर रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळे सोडून वेगळा काही रथ आहे का? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की हे सारे भाग विशिष्ट रीतीने जुळले की त्या जुळणीला आपण रथ म्हणतो. गॅरेजात फरशीवर कार्ट सुटी करून मांडली की हा संवाद वाचावा लागत नाही, समोर दिसतो. सांगाडा भिंतीला टेकवलेला, बेअरिंगा डिझेलच्या डब्यात, इंजिन पोत्यावर. या पसाऱ्यात कार्ट कुठे आहे, असे विचारले तर बोट कुठेच ठेवता येत नाही.

पाश्चात्त्यांनी हाच प्रश्न थीसियसच्या जहाजावर घातला. एकेक कुजकी फळी बदलत गेलेले जहाज तेच का, असे अथेन्समध्ये विचारले जाई, हे प्लुटार्कने सांगितले आहे. १६५५ साली टॉमस हॉब्जने त्यात आणखी पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज केले, तर खरे कोणते? भंगाराच्या दुकानातून भाग उचलणाऱ्याला हा पेच रोजचा आहे.

आपल्याकडे याचे नेमके उलटे उत्तरही आहे आणि ते तितकेच गंभीरपणे घ्यायला हवे. कठोपनिषदात शरीर हा रथ आहे, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. पण रथात बसलेला रथी, म्हणजे आत्मा, या सगळ्यांहून निराळा आहे. रथ मोडला तरी रथी मोडत नाही. मंदिरांच्या जीर्णोद्धाराचे विधी याच समजुतीवर उभे आहेत. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे २०१५ साली रासायनिक संवर्धन झाले, तेव्हा आधी कलाकर्षण विधी करण्यात आला: मूर्तीतले देवत्व कलशात घ्यायचे, कारागिरांनी पाषाणावर काम करायचे, मग ते पुन्हा मूर्तीत आणायचे. दगड आणि देवी यांत फरक करता येतो, म्हणूनच दगडाला हत्यार लावायचे धैर्य होते. या श्रद्धेत एक व्यवहारी शहाणपण आहे.

चंद्रपूरला मात्र या वादात स्वतःचे स्थान आहे, आणि तेही १९५६ सालचेच. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले. १६ ऑक्टोबरला इथे दुसरा दीक्षा सोहळा झाला; त्यामागे बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचे परिश्रम होते. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एक प्रतिज्ञा नव्या जन्माची आहे. गो-कार्टमध्ये भाग बदलतात आणि नाव तेच राहते. इथे उलट झाले. देह तोच, घर तेच, शेत असेल तर तेच, आणि तरी माणसे म्हणाली की आज आम्ही नव्याने जन्मलो. जुळणी बदलली होती. कोणाशी कोणत्या नात्याने उभे राहायचे, कोणापुढे वाकायचे नाही, हे बदलले होते. नागसेनाचा रथ समजायला याहून मोठे उदाहरण या जिल्ह्यात नाही.

बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. आत्मा नाही तर पुनर्जन्म कसा, या प्रश्नाला त्यात सरळ तोंड दिले आहे. देह संपतो तेव्हा पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्ये विश्वातल्या आपल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा जुळून नवा जीव होतो, असे ते मांडतात. ही द्रव्ये एकाच मृत देहातली असायला हवीत असे नाही, अनेक देहांतून आलेली असू शकतात. मग जन्म झाला, पण 'त्याच'चा झाला असे म्हणता येत नाही. अनेक गाड्यांच्या अवयवांतून उठलेली कार्ट हे या मांडणीचे लोखंडी रूप आहे.

बाबासाहेबांना यात निव्वळ तर्काची हौस नव्हती. मागल्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी दारिद्र्य आणि हीनता, हा सिद्धांत त्यांनी नाकारला, कारण त्यामुळे समाजाला आणि राज्याला दीनांच्या स्थितीची जबाबदारी झटकता येते. इथेच हा प्रश्न गॅरेज सोडून माणसांत येतो. 'तोच आहे का' असे आपण विचारतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला हिशेब कोणाच्या नावावर लावायचा हे ठरवायचे असते.

पण भूतकाळ पुसला जातो का? तसेही नाही. बरीच वर्षे पडून जॅम झालेले इंजिन खोलताना ते कळते. आधी प्लग काढून भोकातून थोडे डिझेल आणि ऑइल सोडतात आणि काही दिवस तसेच राहू देतात. मग जोर न करता क्रँक हळूहळू हलवून मोकळी करतात. हेड उतरवून सिलिंडरच्या आतून बोट फिरवले की वरच्या कडेजवळ नखाला एक पायरी लागते. रिंग जिथपर्यंत घासत आली तिथपर्यंत लोखंड झिजलेले असते आणि त्यावरची पट्टी कोरी राहिलेली असते. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे असतील तर समजावे की कोणीतरी ऑइलमध्ये काटकसर केली. तो मालक कधीच निघून गेला, कदाचित वारलाही असेल. त्याची हयगय मात्र धातूत कोरलेली आहे आणि नव्या मालकाला बोअर करून, ओव्हरसाइज पिस्टन घालूनच पुढे जावे लागते. कर्ता उरत नाही, परिणाम उरतो. झीज वारशाने येते, दोष येत नाही. मिस्त्री जुन्या मालकाला शिव्या देत बसत नाही, मायक्रोमीटर हातात घेतो.

नागभीडजवळच्या देवटेक गावी सापडलेला एक शिलालेख हेच दगडात दाखवतो. ती शिळा आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. तिच्यावर दोन लेख आहेत. पहिला अशोककालीन, प्राण्यांना पकडू-मारू नये अशी आज्ञा देणारा. काही शतकांनी त्याच्यावर छिन्नी चालली आणि त्याच शिळेवर वाकाटक राजा रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला. वा. वि. मिराशींनी दोन्ही लेख वाचले. ज्या मुलखात आज ताडोबा आहे, तिथली ही आज्ञा अर्धवट खरवडलेली का होईना, वाचता येते, कारण दुसऱ्या राजाला नवी शिळा न घेता जुनीच वापरावीशी वाटली.

गडचिरोलीत वैनगंगेकाठच्या मार्कंडा देवस्थानाची कथाही अशीच. मुख्य मंदिरावर वीज पडून शिखराचा भाग कोसळला आणि पुढे गोंड राजाने डागडुजी करून आत जाडजूड खांब व कमानी घातल्या, असे जुने पुरातत्त्व अभ्यासक नोंदवतात. त्यांना ही दुरुस्ती ओबडधोबड वाटली. तिच्यामुळे छत उभे राहिले, याला माझ्या मते जास्त महत्त्व द्यायला हवे. महाशिवरात्रीला येणारे भाविक कोणता खांब कोणाचा हे पाहून हात जोडत नाहीत.

नागसेनाने राजाला आणखी एक दाखला दिला आहे. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि पकडल्यावर म्हणाला, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा. मग गुन्हा कसला? राजाही म्हणतो, त्याला शिक्षा व्हायलाच हवी, कारण नंतरचा आंबा आधीच्यामुळेच आला. तो तोच नाही आणि अगदी दुसराही नाही. भंगारातून कार्ट बांधणाऱ्याला हा दाखला नीट लागू पडतो. वळणावर स्टब अ‍ॅक्सल तुटून आतले पोर जखमी झाले, तर 'तो भाग दुसऱ्या गाडीचा होता' हे सांगून सुटता येणार नाही. भाग कोणाचाही असो, जुळणी ज्याची, जबाब त्याचा.

म्हणून जाणता मिस्त्री काही वस्तू भंगारातून घेतच नाही: स्टीअरिंगचे बोल्ट, ब्रेकची होज, सीटचा पट्टा. धातूचा थकवा वरून दिसत नाही. स्टब अ‍ॅक्सल, किंगपिन, टाय रॉड जुने घ्यायचेच असतील तर घासून स्वच्छ करतो, लाल डाय पेनिट्रंट फवारतो, थोड्या वेळाने पुसून वर पांढरा डेव्हलपर मारतो. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. असा तुकडा तो नुसता कोपऱ्यात टाकत नाही. आधी ग्राइंडरने मधोमध कापून त्याचे दोन तुकडे करतो आणि मगच भंगाराच्या पोत्यात घालतो, म्हणजे कोणा अनोळखी पोराच्या गाडीला तो पुन्हा बसवला जाणार नाही.