माळ्यावरची तक्तपोशी

माळवदाच्या घरांतील वा जुन्या वाड्यांतील माळ्यावर जी उघडी तक्तपोशी असते, तिच्या राखणीचा प्रश्न सुताराचा म्हणून आपण सोडून देतो. परंतु वैशाखातल्या उकाड्यात ओणवे होऊन त्या फळ्यांना ज्याने जवसाचे तेल चोळले आहे, त्याच्या मनात, प्रपंच नश्वर असल्याचे नित्य ऐकत आल्यामुळे, कोणाच्या दृष्टीसही न पडणाऱ्या या लाकडासाठी एवढा खटाटोप कोणत्या शास्त्रात बसतो, ही शंका कधीतरी डोकावतेच. कोरे लाकूड पावसाळ्यात दमट हवा पिऊन रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते, सांध्यांना फटी पडून भुसा खालच्या अंथरुणावर गळू लागतो, आणि मातीच्या भिंतीतून वाळवी वर चढली म्हणजे वरून शाबूत दिसणारी फळी पायाखाली पापडासारखी मोडते. तेल पातळ हाताने द्यावे, मुरू द्यावे, उरलेले पुसून काढावे. मात्र पुसलेल्या चिंध्यांचे बोळे कोपऱ्यात टाकू नयेत, कारण जवसाचे तेल वाळताना तापते व असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. राखणदारानेच माळा जाळावा, हा विनोद निसर्गालाही सुचतो म्हणायचे!

शिर्डीस या शंकेचा दाखला आहे, आणि तोही फळीचाच. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या श्रीसाईसच्चरितात असे वर्णन आहे की, नानासाहेब डेंगळे यांनी साईबाबांना निजण्यासाठी सुमारे चार हात लांब आणि जेमतेम वीतभर रुंद अशी एक फळी आणून दिली. बाबांनी ती जमिनीवर न ठेवता मशिदीच्या आढ्याला जीर्ण चिंध्यांनी झोपाळ्यासारखी टांगली, चारी कोपऱ्यांस पणत्या लावल्या, आणि ते तिच्यावर निजू लागले. बाबा वर चढतात कसे व उतरतात कसे, हे पाहण्यास लोकांची रीघ लागली, तेव्हा एके दिवशी त्यांनी ती फळी मोडून फेकून दिली.

वैराग्याचे भाष्यकार बहुधा येथेच थांबतात. परंतु त्याच ग्रंथात एका विटेचीही हकीकत आहे. वर्षानुवर्षे बाबांच्या सहवासात असलेली ती वीट, मशीद झाडताना एका मुलाच्या हातून निसटून दुभंगली, तेव्हा ज्याने फळी निर्विकारपणे मोडली त्याच पुरुषाने तिच्यासाठी शोक केला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, 15 ऑक्टोबर 1918 रोजी, विजयादशमीस, त्यांचे निर्वाण झाले. मग अनासक्तीला दोन मापे होती की काय? वीट गुरुप्रसादाची होती, असे उत्तर भाविक देतात. मला ते अपुरे वाटते. देणारा थोर म्हणून आसक्तीचे वर्तन निराळे ठरत नाही, फार तर तिला उंची वस्त्रे मिळतात.

माझ्या मते भेद वहिवाटीचा आहे. फळी निजण्यासाठी आली आणि पाहण्याची वस्तू होऊन बसली. तिची खरी वहिवाट मोडण्यापूर्वीच संपुष्टात आली होती. वीट मात्र अखेरपर्यंत कामावर होती, रात्री हात टेकण्यास व आसनाला आधार देण्यास. ईशावास्याच्या पहिल्याच मंत्रात त्यागपूर्वक भोगाची जी आज्ञा आहे, तीत भोगाला मज्जाव नाही. आणि वापरातल्या वस्तूची निगा हा त्या भोगाचाच एक अंश होय, तो परिग्रहाच्या खाती टाकणे अन्यायाचे आहे. त्या दृष्टीने अंधाऱ्या माळ्यावरच्या फळ्यांना तेल लावणारा मनुष्य मिरविण्याच्या मोहापासूनही सुटलेला असतो, कारण त्याचे काम पाहायला पाहुणा शिडी चढून येत नाही.

अडचण फळ्यांची नाही, त्यांच्यावरच्या सामानाची आहे. तळ गेलेले तांब्याचे हंडे, किल्ली हरवलेल्या ट्रंका, ज्यात निजलेले मूल आता आजोबा झाले तो पाळणा, यांची वहिवाट कधीच बंद पडली असून केवळ कबजा चालू आहे. तक्तपोशीला तेल देण्यासाठी हा सारा ऐवज आधी खाली उतरवावा लागतो. तेल मुरून वाळेपर्यंत तो काही दिवस ओसरीवर पडून राहतो, उजेडात त्याची किंमत प्रत्येकाला निराळी दिसते, आणि त्यातले काय पुन्हा वर चढवायचे यावर घरात जे खटके उडतात, त्यांत पाळण्याच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज बहुधा, रोज पोथी वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांचाच असतो.