थांबायचं कोणी?

थांबणं हा माणसाचा स्वभाव आहे की त्याला कोणी तरी 'थांब' म्हणावं लागतं? प्रश्न वेदान्ताचा वाटतो, पण आमच्या घरी तो असेंब्ली भाषेतून आला. चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत आणि 8086 नावाच्या प्रोसेसरशी झटतात. इंटेलने तो 1978 साली काढला. म्हणजे माझ्याहून थोरला, तरी कॉलेजात अजून हजेरी लावतो.

या गृहस्थाला थांबणं ठाऊक नाही. प्रोग्रामची शेवटची ओळ संपली तरी तो पुढेच चालतो. मेमरीत पुढे जे पडलं असेल, आकडे, अक्षरं, केरकचरा, ते सगळं हुकूम समजून पाळत सुटतो.

त्याच्या फेऱ्यांचंही तसंच. 'लूप' ही आज्ञा सीएक्स या रजिस्टरातून आधी एक वजा करते आणि मग शून्य झालं का, ते बघते. पाच असले तर पाच फेऱ्या. पण मुळातच शून्य असलं तर? शून्यातून एक गेला की सोळा बिटांच्या हिशेबात उरतात 65,535, आणि फेऱ्या होतात 65,536! शून्य शिलकेतून एक रुपयाही काढू देऊ नये, हा बँकेचा नियम किती थोर आहे पाहा.

आता भांडणं आठवा. खरं कारण असलं की चार फेऱ्यांत मिटतात. पण मुंजीत टोपी मिळाली आणि टॉवेल राहिला, एवढ्यावरून सख्खे भाऊ तीस-तीस वर्षं बोलत नाहीत. कारण शून्य, म्हणून फेऱ्या अगणित! यावर 'जेसीएक्सझेड' ही आज्ञा आहे: आत शिरण्याआधीच विचारायचं, शून्य आहे ना? मग बाहेरूनच जा.

दोष यंत्राचा म्हणावा, तर ते बिचारं आज्ञाधारक. आणि नुसता आज्ञाधारक 'पुरे' कधी म्हणत नाही. बरं, कुठलाही प्रोग्राम थांबेल की नाही, हे हमखास सांगणारी एकच एक रीत असू शकत नाही, असं ॲलन ट्युरिंगने 1936 साली सिद्ध केलं. सोसायटीच्या सभेला बसणाऱ्यांना हे सिद्धतेवाचून पटतं. तेव्हा ज्याने सुरू केलं, त्यानेच आपली फेरी तपासायची. कॅश जुळेना की एकेक व्हाउचर पाहतात, तशी एकेक आज्ञा चालवून.

आणि निघायचं कसं? डॉसमध्ये एएचमध्ये 4सी ठेवून 21 नंबरचा इंटरप्ट द्यायचा. म्हणजे ज्याने कारभार सोपवला, त्याला तो परत करायचा. जाताना एएलमध्ये एक आकडा ठेवतात. तिथे शून्य म्हणजे सगळं सुखरूप.

शून्य तेच. सुरुवातीला न बघता आत शिरलं तर तीस वर्षं खातं. शेवटी मागे ठेवून निघता आलं, तर चार्ज नीट दिला म्हणायचा.