नाद आणि सत्य

सायंकाळच्या आरतीनंतर देवळात लहान मुले मनाचे श्लोक म्हणतात. त्यांतील थोड्यांनाच अर्थ कळतो. पण चरण कोणाचाही ढळत नाही. अर्थ समजण्यापूर्वीच नाद मनात घर करतो. हे इष्ट की अनिष्ट, याचा विचार आपण क्वचितच करतो.

समर्थांचे हे २०५ श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. एक लघू व दोन गुरू असा गण प्रत्येक चरणात चार वेळा येतो. त्या ठाशीव चालीने उपदेशाला आज्ञेचे बळ येते. ओवीची रीत निराळी. तिचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात. चौथा आखूड असतो आणि त्याला यमक नसते. नादात रंगलेले मन तेथे थबकते व अर्थाकडे वळते.

परंतु नादाला स्वतःचे मत नसते. फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली गोव्यात छापलेले ‘क्रिस्तपुराण’ही ओवीबद्धच आहे. श्रोत्यांचा कान कशाला सरावला आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. जो नाद सद्वचन रुजवतो, तो असत्यही गोड करू शकतो. स्त्रियांना व जातींना हिणवणाऱ्या कित्येक म्हणी यमकाच्या आधाराने पिढ्यानुपिढ्या लोकांच्या तोंडी राहिल्या. त्यांचा पुरावा सहसा कोणी मागितला नाही.

नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त एक कसोटी सांगितली आहे. रसात तल्लीन झालेल्या कवीला जो अलंकार वेगळ्या प्रयत्नावाचून साधतो, तोच खरा. म्हणूनच विप्रलंभ शृंगारासारख्या कोमल प्रसंगी यमकाची खटपट त्यांनी वर्ज्य मानली. आमच्या मते ही कसोटी नीतीलाही लागू पडते. यमक साधावे म्हणून कवी विचार वाकवतो, तेव्हा तो सत्याशी प्रतारणा करतो.

श्रोत्याचेही कर्तव्य आहे. आवडलेला चरण एकदा साध्या गद्यात सांगून पाहावा. त्यातील रस उणावेल, हे खरे. पण विचार स्वतःच्या पायांवर उभा राहतो की नाही, ते कळेल. राहिला, तर नादाने सत्य जपून ठेवण्यास साह्यच केले, असे समजावे. न राहिला, तर गोडी कितीही असो, तो चरण मुलांच्या मुखी देऊ नये.