सलाफहादच्या मुलींचा अर्ज

शास्त्रपाठ : गणना 27:1-11, यहोशवा 17:3-4



आमच्या रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या एक भगिनी खाजगी कचेरीत हिशेबाचे काम करतात. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या पुरुषाला आपल्याहून अधिक पगार मिळतो हे कळल्यावर त्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या. मी पेत्राचे पहिले पत्र उघडले, अन्याय सोसण्याविषयीचा भाग वाचला, प्रार्थना केली आणि त्यांना घरी पाठवले. चहासुद्धा विचारला नाही.

पुढे पाठाच्या तयारीसाठी गणनाचा सत्ताविसावा अध्याय वाचावा लागला, आणि माझा सल्ला मलाच टोचू लागला. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या पाच बहिणी. बाप अरण्यात वारलेला, भाऊ नाही, आणि वतन मिळायचे ते पुरुषांच्या नावाने. त्या तंबूत रडत बसल्या नाहीत. दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे नीट पाहा, कारण अर्ज कसा लिहावा हे त्यातून शिकता येते. बाप कोठे वारला, तो कोरहाच्या बंडात नव्हता, त्याला मुलगा नव्हता, आणि शेवटी आमची मागणी अमुक. कोणाला शिवी नाही, कोणाच्या हेतूवर शंका नाही. मोशेनेही त्यांना नम्रतेचा उपदेश केला नाही. त्याने प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि परमेश्वराने मुलींचे म्हणणे रास्त ठरवले.

तरी जमीन आपोआप आली नाही. यहोशवाच्या काळी त्यांना पुन्हा जाऊन त्या आज्ञेची आठवण द्यावी लागली.

असा चिवटपणा आपल्या मुंबईतही दिसला आहे. ऑड्रे डिकोस्टा या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत लेडी स्टेनोग्राफर होत्या. 1977 मध्ये नोकरी गेल्यावर त्यांनी 1976 च्या समान वेतन कायद्याखाली अर्ज केला. पहिल्या अधिकाऱ्याने तो फेटाळला. अपिलात 7,196 रुपये 67 पैसे देण्याचा हुकूम झाला. युनियनशी तसा करारच आहे, असे कंपनी म्हणत राहिली. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. दहा वर्षे, बंधूंनो!

तो कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत सामावला असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आहे. सारख्या कामाच्या वेतनात स्त्रीपुरुष भेद करण्यास तिचीही मनाई आहे. दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. तो कामगाराला स्वतः किंवा युनियनमार्फत करता येतो.

दुसरा गाल पुढे करण्यास प्रभूने सांगितले ते ज्याला चापट बसली त्याला. दुसऱ्याचा गाल पुढे करण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

मी त्या भगिनींच्या घरी जाऊन, चुकलो, म्हणालो. सलाफहादच्या मुलींची गोष्टही सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, त्या पाचजणी होत्या. मी तर एकटीच.”

पुढच्या रविवारी भक्तीनंतर मंडळीतील एक वकील बंधू, महिला मंडळाच्या दोघी व मी त्यांच्याकडे अर्ज लिहिण्यास बसणार आहोत. पगाराच्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत.