मागावर कोणी बसायचं?

मी येवल्याचा. पुण्यात कोड लिहितो. ऑफिसात पैठणीचा विषय निघाला की माझी छाती उगाच फुगते. "पदर उलटा करून बघ, मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसेल. ही हातमागाची खूण." २०१० साली मिळालेलं जीआय मानांकनही सांगून टाकतो. स्वतः कधी एक कांडी फिरवलेली नाही.

दिवाळीत चुलतभाऊ पदरावरचा मोर विणत होता. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, एकेका ओळीत कितीतरी. दिवसभर बसून काम काही इंचच सरकतं.

"दादा, तुझ्या कंपनीत टेस्टिंगचं काही आहे का? कोर्स केलाय मी."

"अरे, हात चांगला आहे तुझा. ही कला टिकली पाहिजे."

त्याने मान वर न करता विचारलं, "मग तू का गेलास?"

बाबांनी माग विकून मला इंजिनिअरिंगला घातलं, तेव्हा वारसा बुडाला असं घरात कोणी म्हणालं नव्हतं. पेढे वाटले होते. मग त्याच्याच वाटेत मी वारसा का आडवा घालतोय? पैठणी बंद पडली तरी चालेल, असंही म्हणवत नाही. पण ती टिकावी म्हणून मी काय मोजलं? मागच्या वर्षी आईला घेतलेली पैठणी यंत्रमागाची होती. स्वस्त पडली.

रात्री त्याचा रेझ्युमे उघडला. बारावीपासून मागावर बसणाऱ्या या मुलाने अनुभवाच्या रकान्यात 'फ्रेशर' लिहिलं होतं. तो खोडून काय लिहावं, यावर बराच वेळ अडलो. मग तसाच एचआरला पाठवला.