आप्त कोण?

न्यायशास्त्र चार प्रमाणे मानते. त्यांत शब्द प्रमाण खरा, पण तो आप्ताचा, म्हणजे यथार्थ जाणून सांगणाऱ्याचा. आता गाडीतला शेजारी, वर्तमानपत्र, हातातला मोबाइल, सगळेच आप्त! ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा तोंडोतोंडी झाली, आणि मालाबरोबर माणसेही न पारखता नकली ठरली. १९४७ च्या फाळणीत घरदार सोडून आलेले हे लोक कल्याणच्या लष्करी छावणीत राहिले; १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. हे कोण सांगतो? आम्हीही अंबरनाथच्या कीर्तनात तीच कोटी केली. मंडप हसला, जातपात विसरून हसला म्हणा! पुढे बसलेले एक सिंधी आजोबा तेवढे हसले नाहीत. शेवटी रिवाजाप्रमाणे ते आमच्या पाया पडले, आम्ही त्यांच्या. पुढल्या एकादशीस त्यांची जागा रिकामी होती.